गिळलेला निरोप

फिलाडेल्फिया, १९ जानेवारी

मामा, सलाम.

फोनवर तुम्हांला नीट ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की शेजारच्या खोलीतली मुलगी भिंतीवर थापा मारते. म्हणून हे पत्र. जिल्दिझ वहिनी टेकडीवर जाऊन सिग्नल मिळवेल आणि तुम्हांला वाचून दाखवेल. उत्तर तुम्ही कागदावर लिहा, ती फोटो काढून पाठवेल.

एलएल.एम.चं दुसरं सत्र सुरू झालं. इथे प्राध्यापक अचानक कुणाचंही नाव घेतात आणि त्यानं बसल्या जागेवरून उत्तर द्यायचं असतं. मी अजूनही उभी राहते. वर्ग हसतो. हसू दे. आपल्या शाळेत शिक्षकांपुढे बसून बोललं तर काय व्हायचं हे त्यांना माहीत नाही.

या सत्रात मला विद्यापीठाच्या कायदा मदतकेंद्रात घेतलंय. ज्यांना वकील परवडत नाही अशांचे खरे दावे इथे विद्यार्थी चालवतात, वर प्रोफेसर कोवालचिकबाई लक्ष ठेवतात. पदवीसाठी लागणाऱ्या गुणांतला मोठा हिस्सा या केंद्राचा आहे. ते गुण हातचे गेले तर मे महिन्यात पदवी नाही, आणि शिष्यवृत्ती मेपर्यंतच आहे. पण खरं सांगायचं तर गुणांसाठी मी गेलेच नाही. डोंगरातल्या आपल्या कोचकोर गावी परत येऊन बायकांसाठी असंच केंद्र काढायचंय मला. ते इथेच शिकता येईल.

मला आणि शॅनन नावाच्या इथल्याच एका मुलीला मिळून एक दावा दिलाय. मिसेस टॉलिव्हर आयुष्यभर शहराची बस चालवून निवृत्त झाल्या. त्यांच्या घरमालकाला इमारत रिकामी करायचीय. त्यानं भर थंडीत घर गरम ठेवणारी यंत्रणा बंद पाडली, यांनी भाडं थांबवलं, त्यानं कोर्टात खेचलं. घरमालकाच्या वकिलाशी बोलण्याचं काम माझ्याकडे आलंय.

मामा, तुम्ही जन्मभर भांडणाऱ्या दोन घरांच्या मधे बसलात. गावच्या पांढरदाढ्यांच्या न्यायमंडळात तुमच्या शब्दाला वजन आहे. मला सांगा, मधल्या माणसानं कसं वागायचं?

तुमची,
बेगायिम

*

कोचकोर, २ फेब्रुवारी

बेगायिम पोरी,

पत्रात जेवणाचं एक अक्षर नाही. म्हणजे जेवत नाहीस. तुझ्या आईला मी सांगितलं की भरपूर जेवते. आता खोटं पाडू नकोस मला.

उभी राहतेस ते उत्तम. बसून उत्तर देणाऱ्याचं डोकंही बसलेलंच असतं.

आता मधल्या माणसाचं काम. एका घरचा राग दुसऱ्या घरी न्यायचा नसतो. वाटेतच गिळायचा. दोन्हीकडे मला चहा का देतात? तो राग घशाखाली उतरावा म्हणून. मागे गवतावरून शेजाऱ्याशी भांडताना ओमुरबेकनं मला सांगितलं, "त्या कुत्र्याला म्हणावं, गवताची एक पेंढी मिळायची नाही." मी पलीकडच्या घरी जाऊन काय म्हणालो? म्हणालो, "ओमुरबेकचा विचार चालू आहे." आणि पोरी, थोड्या दिवसांनी तो खरंच विचार करायला लागला! कुत्रा हा शब्द मी पोहोचवला असता तर आज दोन थडगी असती आणि गवत कुजलं असतं.

अपमान मधल्या माणसानं पोटात ठेवायचा. त्याचं पोट त्यासाठीच असतं. माझं बघतेस ना केवढं आहे.

त्या बसवाल्या बाईला माझा सलाम सांग.

तुझा मामा,
असानकुल

*

फिलाडेल्फिया, २४ फेब्रुवारी

मामा,

तुम्ही सांगितलंत तसंच केलं!

घरमालकाचा वकील क्रेगर, त्याचा फोन आला. म्हणाला, "तुमच्या बाईंना सांगा, महिनाअखेर बाहेर पडा. थकलेलं भाडं सोडून देऊ. आणि त्यांची ती सगळी अडगळ आमची माणसं फुकटात कचऱ्यात टाकून देतील."

मामा, ती अडगळ मी पाहिलीय. मिसेस टॉलिव्हर दर रविवारी चर्चला वेगळी टोपी घालून जातात. जांभळी, पिवळी, पिसांची, जाळीची. टोप्यांची खोकी छतापर्यंत रचलेली आहेत, प्रत्येकावर कुठल्या लग्नाला किंवा कुणाच्या मयताला घातली ते लिहिलेलं. त्यांच्यासमोर उभी राहून मी "कचरा" म्हणू?

गिळला मी तो शब्द. सगळा प्रस्तावच गिळला. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काय म्हणतायत ते?" मी म्हटलं, "त्यांचा विचार चालू आहे." त्यांनी मला मक्याचा गोड पाव खाऊ घातला. (बघा, जेवले.)

क्रेगरला वाट पाहू दे. आपोआप चांगला प्रस्ताव घेऊन येईल.

तुमची,
बेगायिम

*

कोचकोर, ३ मार्च

पोरी,

तुझं पत्र मी चहाच्या दुकानात मोठ्यानं वाचायला लावलं. ओमुरबेक म्हणाला, "अमेरिकेत आपल्या असानकुलची शाळा निघाली." मी मुद्दाम गप्प बसलो. मोठ्या माणसांनी अशा वेळी गप्प बसायचं असतं. पण दुसरा चहा मीच सांगितला सगळ्यांना.

मामा

*

फिलाडेल्फिया, १७ मार्च

मामा,

हे पत्र चहाच्या दुकानात वाचू नका.

परवा सुनावणी होती. कोर्टाच्या बाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये आम्ही तिघी बाकावर बसलो होतो. मिसेस टॉलिव्हर निळी टोपी घालून आल्या होत्या. क्रेगर समोरून आला आणि हसून त्यांनाच म्हणाला, "काय मॅडम, आमचा प्रस्ताव आवडला नाही वाटतं? एवढे दिवस झाले, साधं 'नाही'सुद्धा नाही?"

"कुठला प्रस्ताव?" त्या म्हणाल्या.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. शॅनननं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"अच्छा," क्रेगर म्हणाला. "तुमच्या मदतनीस बाईंनी कळवलेलं दिसत नाही." आणि हलकेच शीळ घालत निघून गेला.

न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली. लिफ्टमध्ये मिसेस टॉलिव्हर माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. खाली आल्यावर शॅननला म्हणाल्या, "त्या मुलीला सांग, माझी छत्री तिच्या हातात आहे." मी दोन पावलांवर उभी होते, मामा.

कोवालचिकबाईंनी बोलावलं. इथला नियम असा आहे: समोरच्याचा प्रस्ताव कितीही वाईट असो, वकिलानं तो आपल्या पक्षकाराला सांगायचाच. घ्यायचा की फेकायचा, हे पक्षकार ठरवतो. मला हा नियम माहीत नव्हता असं नाही. पहिल्या सत्रात तो शिकवला होता, परीक्षेत मी त्यावर चांगलं उत्तर लिहिलं होतं. पण त्या दिवशी फोन ठेवला तेव्हा नियम आठवला नाही. तुम्ही आठवलात.

हे तुम्हांला दोष द्यायला लिहीत नाही. मी शिकायला इथे आलेय, आणि चूक माझी आहे.

मी बाईंना विचारलं, "मला काढणार का?"

त्या म्हणाल्या, "ते मी ठरवणार नाही. ज्यांचा निर्णय तू परस्पर घेऊन टाकलास, त्या ठरवतील. जा आणि त्यांना सगळं सांग. स्वतः. शॅननला बरोबर नेऊ नकोस."

मिसेस टॉलिव्हर नको म्हणाल्या तर केंद्राचे गुण गेले, मेमधली पदवी गेली. घरी सगळ्यांनी मिळून मला इतकं पुढे पाठवलंय. आपल्यातली पहिली पदवी माझी, आणि दुसरी अशी जाणार? पण मी जाईन त्यांच्याकडे. फोनवर नाही, दारात उभी राहून सांगेन.

बेगायिम

*

कोचकोर, २२ मार्च

बेगायिम,

हा कसला कायदा? शिवी पोहोचवली नाही म्हणून शिक्षा? आमच्याकडे अशा मुलीला मांडवात मानाची जागा देतात, आणि तिथे तिला कॉरिडॉरमध्ये उभी करतात! तुझी चूक नाही. असलीच तर माझी आहे, म्हणून मी तुझ्या बाईंना स्वतः लिहितोय. खालचा मजकूर त्यांना नेऊन दे.

"आदरणीय मुख्य न्यायपंच कोवालचिकबाई यांस. माझ्या भाचीनं जे केलं ते मी शिकवलेलं आहे. रागवायचं तर मला रागवा, मी कोचकोरमध्येच असतो, कुणालाही विचारा. पण मला समजत नाही, तुमच्याकडे एकाच्या घरचं शेण ताटात घालून दुसऱ्याच्या पंगतीत का वाढतात? त्याला न्याय म्हणतात का? मी इतकी भांडणं मिटवली, एकाही ताटात शेण गेलं नाही. मुलगी चांगली आहे. जेवत नाही, तेवढं बघा. असानकुल, न्यायमंडळ सदस्य."

आणि पोरी, त्यांना पटलं नाही तर सरळ परत ये. इथे तुला कुणी काही विचारणार नाही.

मामा

*

फिलाडेल्फिया, ३० मार्च

मामा,

परत येणार नाही. आता तर मुळीच नाही.

आधी मिसेस टॉलिव्हर. दार उघडलं, आत घेतलं, पण बस म्हणाल्या नाहीत. स्वतः कोचावर बसल्या. मी उभीच. सांगायला लागले, "क्रेगर यांनी असं सुचवलं की..."

"सुचवलं नको. त्याचे शब्द सांग. त्याचेच. तुझे नकोत."

मी सांगितले. "अडगळ" पाशी अडखळले.

"पुढे."

"फुकटात... कचऱ्यात टाकून देतील."

त्या खोक्यांकडे बघत राहिल्या. मग हसल्या, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. म्हणाल्या, "पोरी, मी बस चालवायचे. प्यायलेल्यांनी, शाळकरी कार्ट्यांनी, सुटाबुटातल्यांनी मला काय काय ऐकवलं, तुला कल्पना नाही. तेव्हा माझ्या आणि त्यांच्यामधे कुणी उभं नव्हतं. मला कापसात गुंडाळून ठेव असं मी सांगितलं होतं तुला?"

"नाही."

"मग?"

"आमच्याकडे माणसाचा मान असा राखतात."

"मान! मला न विचारता माझं उत्तर देऊन टाकायचं, हा मान?"

मामा, मी पिशवीतून वही काढली.

मग म्हणाल्या, "लिही. 'नाही.' एवढंच लिही, मी सही करते. हे 'नाही' मला त्याच दिवशी म्हणायचं होतं. गरमागरम. आता ते शिळं झालंय, तुझ्यामुळे." सही केली. दारापर्यंत आल्या. "तुला ठेवायचं की नाही ते येत्या शुक्रवारी सांगेन. विचार करायचाय मला. माझी मी."

आता तुमचं पत्र. खरं सांगते, मी ते खणात ठेवलं होतं. म्हटलं, शेणाचं ताट आणि पंगत, हे कुठे बाईंना द्यायचं? उत्तरात तुम्हांला लिहीन, "दिलं, त्या विचार करतायत." असं मनात आलं आणि मी खण उघडा टाकून तशीच बसले. मी पुन्हा तेच करत होते.

दुसऱ्या दिवशी गेले आणि ओळ न ओळ इंग्रजीत सांगितली. शेणापाशी बाईंनी चष्मा काढला. "जेवत नाही"पाशी मला शरमेनं मेल्यासारखं झालं, पण तेही सांगितलं. सगळं ऐकून त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "तुझे मामा हुशार आहेत, आणि त्यांनी लोकांना एकमेकांचे गळे धरण्यापासून वाचवलं असेल, यावर माझा विश्वास आहे. त्यांना माझा एक प्रश्न विचार. तुम्ही गिळलेल्यातलं एखादं त्या माणसाला हवं असतं, तर ते तुम्हांला कळलं कसं असतं?"

हे त्यांचे शब्द आहेत. मी काहीही गोड केलेलं नाही.

बेगायिम

*

कोचकोर, ९ एप्रिल

पोरी,

तुझ्या बाईंचा प्रश्न मला आवडला नाही. तीन दिवस मी जिल्दिझवर उगाच खेकसत होतो. शेवटी ती म्हणाली, "मामंजी, उत्तर नसेल तर नाही म्हणून लिहा, माझ्या चहाला का नावं ठेवता?"

उत्तर होतं. म्हणून तर आवडला नाही.

साबिरा तुला आठवत असेल, नवरा गेल्यापासून दिराच्या घरात राहते ती. वाटणीसाठी तिनं मला मधे घातलंय. तिचा दीर कासिमबेक, त्यानं बटाटे काढायच्या दिवसांत मला सांगितलं होतं, "घराचं नाव काढू नका. तिला म्हणावं, रस्त्याकडेचा जुना गोठा घे, तुझ्या लायकीचा तोच आहे." मी गिळलं. तिला सांगितलं, "त्याचा विचार चालू आहे." तो काही विचार करेना, आणि हिवाळा सरला.

काल गेलो तिच्याकडे. चहा ओतायच्या आधीच बोलून टाकलं, नाहीतर घशाखाली गेलं असतं. लायकीसकट सगळं बोललो. म्हटलं, आता रडेल, किंवा किटली अंगावर टाकेल.

तिनं विचारलं, "कुठला गोठा? चीनकडे जाणारे ट्रक थांबतात, तिथला?"

"हो."

"कधी म्हणाला हे?"

"बटाट्यांच्या वेळी."

तिनं किटली खाली ठेवली. "असानकुल आबा, हिवाळाभर मी जावेच्या हाताखाली तिची भांडी घासली. आणि तुम्ही माझा गोठा पोटात घेऊन गावभर हिंडत होतात?"

"तुझा मान राखत होतो, बाई."

"मानावर रोटी भाजता येते का? त्या गोठ्यात तंदूर घातला तर ट्रकवाले रांग लावतील. मी दोन वर्षं त्या जागेकडे बघतेय. मागायची हिंमत नव्हती, घर मागितलं की निदान हे तरी मिळेल म्हणून घर मागत होते!"

पोरी, मी इतकी वर्षं पांढरी दाढी घेऊन बसतोय, माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. आणि ती खरं बोलत होती.

मग तिनं कासिमबेकसाठी उत्तर दिलं. गोठा घेते, लेखी दे, असं. आणि शिवाय तीन शिव्या. मी विचारलं, "शिव्या गाळू का?" म्हणाली, "एक गाळून बघा."

आता तिकडेच निघालोय. तिन्ही नेतोय. कासिमबेक काय करेल सांगता येत नाही, पण गोठा देतो म्हणून तोच बोललाय, साक्षीला मी आहे.

तुझ्या बाईंना सांग: मला कळलं नसतं.

तुझा शुक्रवार कसा झाला? काही लिहिलं नाहीस.

असानकुल

*

फिलाडेल्फिया, २४ एप्रिल

मामा,

शुक्रवार होऊन गेला. लिहायला उशीर केला, कारण मला आधी पुढचं सगळं ठरवायचं होतं.

मिसेस टॉलिव्हर घराच्या पायरीवर बसल्या होत्या. मला शेजारी बसवलं. म्हणाल्या, "तू चांगली मुलगी आहेस. आलीस, तोंडावर खरं बोललीस, हे मी विसरणार नाही. पण इथे माझं घर पणाला लागलंय, तुझं शिक्षण नाही. यापुढे तू काही सांगितलंस की मला वाटणार, अजून काही पोटात ठेवलंय का हिनं. असं मला जगायचं नाही. शॅनन राहू दे. तुझ्या जागी दुसरी द्यायला सांग. आणि हे तुझ्या प्रोफेसरला तूच सांग. मी फोन करणार नाही."

मी "हो" म्हटलं.

तिथून विद्यापीठापर्यंत ट्रॉलीनं, म्हणजे इथल्या ट्रामनं, यावं लागतं. मामा, त्या ट्रॉलीत माझ्या डोक्यात किती छान वाक्यं तयार झाली! "त्या जराशा नाराज आहेत." "त्यांना थोडा वेळ हवाय." "त्यांचा विचार चालू आहे." कुणी पडताळून पाहणार नव्हतं. कदाचित सत्र तसंच निघून गेलं असतं.

बाईंच्या खोलीत गेले आणि उभी राहून मिसेस टॉलिव्हर जे बोलल्या ते बोलले. "दुसरी द्यायला सांग" इथपर्यंत सगळं. एकही शब्द बदलला नाही.

"त्यांचेच शब्द?" बाईंनी विचारलं.

"त्यांचेच."

"याचा परिणाम काय, कळतोय ना?"

"कळतोय. मेमध्ये पदवी नाही."

त्यांनी फाइलमध्ये लिहून घेतलं. कौतुक केलं नाही, आणि मला तेच बरं वाटलं. म्हणाल्या, "सप्टेंबरमध्ये केंद्र पुन्हा उघडतं. पहिल्या दिवसापासून, नव्या पक्षकारासह. तुझं नाव घालू?"

"घाला."

उन्हाळ्यात कायद्याच्या ग्रंथालयात काम मिळालंय. इथे राहायची मुदत वाढवून मागितलीय, विद्यापीठानं पत्र दिलंय. ही खोली सोडून शॅननच्या आत्याच्या तळघरात राहायला जातेय. आत्याबाई पोलिश आहेत आणि माणसाला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, म्हणजे तुमची तक्रार मिटली. डिसेंबरमध्ये पदवी घेऊन येईन. मिसेस टॉलिव्हरच्या दाव्याचं काय चाललंय ते मला विचारता येत नाही. शॅननही सांगत नाही. तिनं सांगूही नये.

आता एक काम. आई जूनमध्ये पाहुणे बोलावणार आहे, मेंढाही ठरवलाय म्हणे. तिला हे तुम्ही सांगा. "परीक्षा पुढे गेली" असं सांगू नका. "थोडा उशीर होतोय" असंही नको. असं सांगा: मुलीनं चूक केली, म्हणून ज्यांचं काम करत होती त्यांनी तिला काढलं, पदवी यंदा नाही, ती सप्टेंबरला पुन्हा पहिल्यापासून बसणार आहे आणि घेतल्याशिवाय येणार नाही.

आणि ती जे बोलेल ते मला तसंच्या तसं लिहा. कितीही लागणारं असलं तरी.

बेगायिम

*

कोचकोर, २ मे

पोरी,

तुझ्या आईला सांगितलं. शब्द तुझेच.

ती तुमच्या घरच्या गोठ्याच्या दाराशी मेंढ्याला चारा घालत होती. ऐकलं आणि म्हणाली: "काढलं? माझ्या मुलीला? कोण समजते ती बाई स्वतःला?" मग म्हणाली: "चूक केली असेल तर बरोबर केलं तिनं." मग म्हणाली: "पाहुण्यांना काय सांगू? सांगते, डिसेंबरला या." मग मेंढ्याला म्हणाली: "तुझं नशीब मोठं. खा अजून."

बोलली ते एवढंच. नंतर जे केलं त्यात शब्द नव्हते, म्हणून लिहीत नाही. त्याला बराच वेळ लागला. मी तिथेच बसून होतो.

असानकुल